ब्रेकची हजेरी

डॉक्टर नगराळ्यांच्या हातांतली जाणीव जात होती आणि आम्ही वर्षभर त्यांच्या सायकलचे ब्रेक बदलत बसलो होतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते आमच्यासाठीच कोणीतरी म्हणून ठेवलं असावं. आम्ही म्हणजे सेलूतले रविवारचे सायकलवाले. उजाडता उजाडता चौकात जमायचं, हिंगणीवरून बोरधरणापर्यंत जायचं, धरणाखालच्या टपरीवर चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. त्यात सायकल चालवणं थोडं आणि सायकलवर बोलणं जास्त. कोणाची फ्रेम कसली, कोणाचा टायर किती रुंद, कोणाचा ब्रेक केबलचा आणि कोणाचा तेलाचा. बायका घरी म्हणायच्या की एवढं तुम्ही आमच्याकडे पाहिलं असतं तर संसार सोन्याचे झाले असते. बायकांचं खरं होतं, पण ऐकतो कोण?

डॉक्टर जनावरांचे. सगळी नोकरी कारंज्याच्या बाजूला, गवळाऊ गाईंमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर सेलूत घर बांधलं आणि सायकल घेतली. माणूस बुटका, काटक, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या खाली पांढरा दुपट्टा, तो बारा महिने. हात मात्र त्यांच्या अंगाचे वाटायचे नाहीत. पंजे मोठे, बोटं लांब, मनगट जाड. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याशी हात मिळवला तेव्हा हा माणूस आपली नाडी बघतो आहे की काय असं मला वाटलं. माझं कृषी केंद्र आहे, दिवसभर बियाण्याच्या आणि खताच्या पिशव्यांत बसलेला मी माणूस. माझा हात कोणी इतका लक्षपूर्वक धरला नव्हता.

आमच्यातला नितीन तहसील कचेरीत कामाला आहे. कचेरीत काय करतो ते ठाऊक नाही, पण जगात कुठेही नवी सायकल निघाली की तिची कुंडली त्याच्या मोबाइलवर असते. त्याने नवी सायकल आणली त्या रविवारी चौकात उभा राहून तो कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, कोणत्या देशातल्या शर्यतीत ती पहिली आली, सगळं सांगायला लागला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कंपनी नको सांगू, जनावर दाखव."

आणि त्यांनी ती सायकल बैलबाजारात बैल पाहतात तशी पाहिली. आधी मागून. मग डाव्या बाजूने. मग खाली बसून चाकाच्या तारांवर बोट वाजवून ताण पाहिला, टायर अंगठ्याने दाबला, फ्रेमच्या सांध्यांवरून डोळे मिटून बोट फिरवलं. शेवटी ब्रेक हळूच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हाडपेर चांगलं आहे," ते म्हणाले. "खूर बारीक आहेत. डांबरावर पळन, पण आपल्याकडं रस्त्याच्या कडेले बाभूळ आहे, हे तुह्या कंपनीच्या साहेबाले कोनी सांगतलं नाई वाटते. आन हा पुढचा ब्रेक डाव्या अंगाले घासून राह्यला."

नितीन म्हणाला, "नाही सर, दुकानातून सेट करून आणलाय."

चाक उचलून फिरवलं तर खरंच घासत होता. आवाज येईल इतका नाही. बोटालाच कळेल इतका. नितीनचा चेहरा पडला. "रंग पाहून घेतली ना?" डॉक्टर म्हणाले. "पोळ्याले शिंगं रंगवली म्हनून बैल चांगला नाई होत, राज्या."

फ्रेमच्या बाबतीत ते पोलादाचे. आमच्यात अल्युमिनियमवाले दोघं, कार्बनची स्वप्नं पाहणारा एक नितीन. तो म्हणायचा, "सर, कार्बन एकदा उचलून तर पाहा. हवेसारखी आहे." डॉक्टर म्हणायचे, "हवेसारखी आहे तं तिले हवाच घेऊन जाईन. मले घरी येनं आहे." पोलाद मोडायच्या आधी वाकतं, वाकायच्या आधी कुरकुरतं, हे त्यांचं आवडतं बोलणं होतं. या वादाला अंत नव्हता आणि आम्हाला तो नकोच होता. चहा थंड व्हायचा आणि टपरीवाला पुन्हा गरम करून द्यायचा.

पण डॉक्टरांचा खरा जीव ब्रेकमध्ये. पळणाऱ्या सायकलचं त्यांना कौतुक नव्हतं. "पळते तं कोनतंही जनावर," ते म्हणत. "जो बैल थांबत नाई त्याले जुपू नये." यातूनच आमच्याकडे ती हजेरी सुरू झाली. दर रविवारी निघायच्या आधी सगळ्यांनी सायकलवर दोन्हीकडे पाय टेकून एका ओळीत उभं राहायचं, दोन्ही ब्रेक आवळायचे, आणि डॉक्टर एकेकाच्या मागे जाऊन सीटला धरून पुढे ढकलायचे. सायकल जागची हलली नाही तर खांद्यावर थाप. हलली तर एकच शब्द: "घरी." मग तो कोणीही असो, त्या रविवारी त्याने परत जायचं. सगळ्यांचं झालं की डॉक्टर स्वतः ओळीच्या शेवटी उभे राहायचे आणि त्यांची सायकल आमच्यापैकी जो सगळ्यात नवा असेल त्याने ढकलायची. नियम म्हणजे नियम.

एकदा वर्ध्याहून एका कॉलेजचे प्राचार्य आले. सायकल परदेशी, कपडे सायकलीच्या रंगाचे, गॉगल कपड्यांच्या रंगाचा. आदल्या संध्याकाळी त्यांनी सायकल कसल्याशा फवाऱ्याने पुसून चकाचक केली होती. तो फवारा ब्रेकच्या डिस्कवर बसला होता. डॉक्टरांनी ढकललं तशी ती बया बर्फावरून जावी तशी सरकली.

"सर, घरी," डॉक्टर म्हणाले.

प्राचार्य हसले. त्यांना गंमत वाटली. मग गंमत नाही हे कळलं तेव्हा म्हणाले, "अहो डॉक्टर, मी एवढ्या लांबून आलोय. आजचा दिवस चालवून घ्या."

"सर, आज उतार बी आहे ना. तो कुठं चालवून घेते?"

आम्ही सगळे खाली बघत उभे. मला तर मनातून उकळ्या फुटत होत्या, कारण त्या गॉगलचा मला पहिल्या मिनिटापासून राग आला होता. प्राचार्य गाडीच्या टपावर सायकल बांधून गेले. काही महिने फिरकले नाहीत. नंतर एका रविवारी आले आणि न बोलता ओळीत पहिले उभे राहिले. सायकल हलली नाही. डॉक्टरांनी खांद्यावर अशी थाप मारली की प्राचार्यांचा गॉगल नाकावर आला.

हात हे त्यांचं पोटापाण्याचं साधन होतं, हे ते स्वतःच सांगत. गाय गाभण आहे की नाही, किती महिन्यांची आहे, वासरू आडवं आहे का, हे सगळं खांद्यापर्यंत हात आत घालून कळायचं. मशीन नव्हती. "डोळ्याले अंधार. जे का आहे ते बोटाले," असं म्हणताना त्यांची बोटं हवेत हलायची, जणू अजून काही चाचपत आहेत. टपरीवर चहा पिताना एकदा त्यांनी सुरुवातीच्या नोकरीतली गोष्ट सांगितली. एका गावात अडलेली गाय सोडवली, गाय वाचली, वासरू वाचलं. घरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मग चहा आला. सगळ्यांना काचेच्या ग्लासात आणि डॉक्टरांना कान तुटलेल्या कपात. पिऊन झाल्यावर तो कप त्यांनीच विसळून गोठ्याच्या खोबणीत पालथा घालायचा होता.

"गाईच्या पोटात हात चाले," डॉक्टर म्हणाले, "ग्लासाले नाई चाले."

"मग तुम्ही काय केलं?" वैशाली मॅडमनी विचारलं. वैशाली मॅडम शाळेत खेळ शिकवतात, आमच्यात सगळ्यात उशिरा आलेल्या.

"का करतो? पेलो. विसळला. दुसऱ्या दिवशी गाईले पाहाले गेलतो ना पुन्हा. वासरामागून जार पडली का नाई ते पाहनं होतं."

एवढं बोलून त्यांनी नितीनच्या पेडलचा विषय काढला. ती गोष्ट ज्या घरातली होती त्याच्यासारखंच आमचंही घर, इथलंच, शेतीवाडीचं, जुनं. मी ग्लास हातात धरून बसलो होतो. काय बोलायचं असतं अशा वेळी ते मला सुचलं नाही आणि अजून सुचलेलं नाही.

तर ते ब्रेकचं. एका रविवारी परतताना डॉक्टर म्हणाले, "माहा ब्रेक मुका झाला बे."

म्हणजे काय, तर दाबला तरी बोटाला काही सांगत नाही. पकडतो, पण कधी पकडला ते कळत नाही. नितीन लगेच खाली बसला. ब्रेकचे रबर घोटून गुळगुळीत झालेत, असं त्याचं निदान. रबर बदलले. पुढच्या रविवारी ब्रेक मुकाच. मग मी म्हटलं की केबलच्या नळीत धूळ गेली असेल. आपल्याकडची काळी माती काय सोडते का? केबल बदलली, नळी बदलली. तरी मुका. मग ब्रेक दाबायचे दांडे बदलले, नितीनच्या सांगण्यावरून, लांब दोन बोटांचे. मग नितीनने जाहीर केलं की रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचा जमानाच गेला, डिस्क लावा. पण डॉक्टरांच्या पोलादी फ्रेमवर डिस्क बसवायला जागाच नव्हती. म्हणून फ्रेम बदलली. फ्रेम बदलली म्हणून चाकं बदलली, चाकं बदलली म्हणून टायर रुंद झाले. पोलादाचा एवढा अभिमानी माणूस अल्युमिनियमवर बसला आणि एक शब्द बोलला नाही. तेव्हाच आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण आम्ही खूश. दर रविवारी चर्चेला नवा सुटा भाग. केबलची डिस्क बरी का तेलाची, यावर तर आम्ही दोन पक्ष पडून भांडलो. डॉक्टर मधे बसून दोन्हीकडचं ऐकायचे, आणि त्यांच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान असायचं. मला वाटायचं, माणसाला हौस आहे.

शेवटी तेलाचा ब्रेक आला. तो इतका नाजूक की एका बोटाने चाक थांबावं. डॉक्टरांनी दाबला, मान हलवली आणि म्हणाले, "चांगला आहे." मुका आहे की बोलका, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

हिवाळ्यातला रविवार होता. धरणाच्या वरच्या रस्त्याने जाऊन आम्ही उतारावरून खाली आलो. मी पुढे होतो. टपरीजवळ सायकल लावून मागे पाहिलं तर डॉक्टर फार सावकाश येत होते, सगळा उतार एकाच गतीने. ते थांबले आणि जळक्याचा वास आला. नितीन धावला. पुढची डिस्क निळसर पडली होती.

"सर, पूर्ण उतारभर ब्रेक दाबलेला होता काय? डिस्क कशी झाली पाहा!"

"कुठं?" डॉक्टर सायकल उभी करून खाली बसले. "इथं? हे पाह्य, डिस्क पातळ असली का असंच होते. गरमी जाईन कुठं? तुह्या डिस्कले कशी छिद्रं जास्त आहेत..." आणि ते समजावून सांगू लागले. छिद्रांमधून हवा कशी खेळते, पातळ पत्रा कसा वाकडा होतो. समजावताना त्यांचं बोट त्या डिस्कवर टेकलेलं होतं. ते तिथेच राहिलं.

ओरडल्या त्या वैशाली मॅडम. त्यांनी डॉक्टरांचा हात मनगटाला धरून ओढला. बोटाच्या पेरावर पांढरा पट्टा उठला होता आणि त्याची कातडी डिस्कला लागून राहिली होती. डॉक्टरांनी बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं, दुसऱ्या कोणाचं पाहावं तसं.

"तापली आहे वाटते," ते म्हणाले.

टपरीवाला पाण्याचा मग घेऊन आला. आम्हा सगळ्यांना त्याच क्षणी कळलं होतं, अगदी सगळ्यांना. आणि तरी नितीन, बिचारा, म्हणाला, "सर, आपण मोठी डिस्क लावू. मोठी लवकर थंड होते."

"लावू," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी त्यांना सायकलवर येऊ दिलं नाही. ओळखीच्या एका पिकअपमध्ये त्यांची आणि माझी सायकल टाकली आणि मी डॉक्टरांसोबत बसलो. बोट ओल्या रुमालात गुंडाळलेलं. हिंगणी मागे पडली.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "शुगर जुनी आहे माही. पहिले पाय गेले, मंग हात. जनावरायचा का असेना, डॉक्टर आहो ना मी."

"मग सांगितलं काऊन नाही, सर?"

"तुमी ब्रेक बदलून राह्यले होते ना." ते बाहेर पाहत होते. कपाशीची शेतं वेचून रिकामी झाली होती. "मले बरं वाटे. रोग ब्रेकमंधी आहे म्हटलं का इलाज बजारात भेटते. हातामंधी आहे म्हटलं तं मंग मले हजेरीत उभंच राहता येत नाई. इतक्या जनायले घरी पाठवलं मी, सुधीर. माहा नंबर लागला म्हनून नियम बदलवू का?"

मी म्हटलं, "सपाट रस्त्यावर चालवा ना. धरणाकडे नका येऊ."

"सपाट रस्त्यावर ढोरं नाई येत का आडवी?"

घरी सोडलं तेव्हा शोभाकाकू, त्यांच्या पत्नी, फाटकात उभ्या होत्या. त्यांनी रुमाल पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "पुरनाची पोळी तव्यावरून हातानं उचलली होती मागच्या महिन्यात," त्या म्हणाल्या. "मले म्हनते, कोनाले सांगू नको." घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली काढलेल्या ब्रेकचे, केबलचे, रबरांचे जुने सुटे भाग एका टोपलीत नीट ठेवलेले. एकही फेकलेला नव्हता. सगळेच चांगले होते की.

पुढच्या रविवारी ते येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. ते आले. बोटाला पट्टी, डोक्याला दुपट्टा, वर हेल्मेट. नेहमीसारखी हजेरी घेतली. एकेकाला ढकललं, थाप मारली. थाप जरा जास्तच जोरात बसत होती. आता त्याचंही कारण माहीत होतं. मग ते ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि दोन्ही ब्रेक आवळले.

"ढकला," ते म्हणाले.

नितीन हेल्मेटचा पट्टा उगाच सोडून पुन्हा लावत होता. प्राचार्य त्या दिवशी आले होते, ते रस्त्याकडे पाहायला लागले. मी तर ठरवूनच टाकलं होतं की आजची हजेरी संपली असं म्हणायचं आणि निघायचं. इतकी वर्षं ज्या नियमाचं आम्ही कौतुक केलं तो माझ्या मते त्या सकाळी खड्ड्यात गेला असता तरी हरकत नव्हती.

वैशाली मॅडम सायकल उभी करून त्यांच्या मागे गेल्या. सगळ्यात नव्या त्याच होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "डोळे मिटा."

डॉक्टरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं ते या बाईच्या आलं होतं. ब्रेक दाबताना ते बोटांकडे बघायचे. बोटं वळली का, दांडा आत आला का, हे डोळ्यांनी पाहून घ्यायचे. चौकात उभं राहून ते जमायचं. उतारावर रस्त्याकडे पाहावं लागतं.

त्यांनी आधी ब्रेक सोडले, पुन्हा नीट हात ठेवले आणि डोळे मिटले. वैशाली मॅडमनी ढकललं, हळूच. सायकल पुढे गेली. डॉक्टर तिच्यासोबत दोन पावलं चालले आणि उभे राहिले. डोळे उघडून त्यांनी खाली पाहिलं. बोटं दांड्यावर नुसती ठेवलेली होती, झोपलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवावा तशी. त्यांच्या मते त्यांनी ती आवळली होती.

"घरी," ते म्हणाले. आवाज तोच, प्राचार्यांना म्हणाले होते तो. मग खाली उतरले, सायकल वळवली आणि हाताने धरून चालत निघाले. कोणी सोबत जायला निघालं तर हाताने नको म्हणाले. आम्ही ते चौकातून वळेपर्यंत पाहत होतो. मग काय करायचं ते न कळून आम्ही धरणाला गेलो, चहा प्यायलो आणि परत आलो. त्या दिवशी सायकलवर कोणी काही बोललं नाही.

वैशाली मॅडमचा मला फार राग आला. पुढे कित्येक दिवस मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. एकदा त्याच म्हणाल्या, "दादा, तुम्ही ढकललं असतं का?" मी म्हटलं, नाही. "मग?" त्या म्हणाल्या. राग त्यानंतरही राहिला आणि मग एक दिवस पाहिलं तर नव्हता. त्याच्या जागी दुसरं काही आलेलं नव्हतं. असं पुष्कळ गोष्टींचं झालं माझं. डॉक्टर पुढे वर्षभराने गेले, ते हृदयाने. फोन आला तेव्हा मी दुकानात हरभऱ्याचं बियाणं देत होतो. ते देऊन झाल्यावर शटर ओढलं. विहाराकडून माणसं आली होती, कारंज्याकडचे शेतकरी आले होते, वंदना झाली. नितीन हमसून रडला. मी उभा होतो. कोणीतरी पाण्याचा ग्लास दिला तो प्यायलो. संध्याकाळी घरी येऊन जेवलो. चांगला माणूस गेला की आत काहीतरी तुटतं असं लोक सांगतात. मी वाट पाहिली. काही आवाज आला नाही. आजही त्यांची आठवण निघाली की मला हातापायांत मुंग्या आल्यासारखं होतं आणि तेवढंच.

हजेरी आता वैशाली मॅडम घेतात. "घरी" म्हणतात तेव्हा त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही.

जाण्याच्या काही आठवडे आधी मी डॉक्टरांकडे गेलो होतो, तेवढं सांगून थांबतो. नितीनने त्यांच्यासाठी कुठून तरी तो सांगाडा आणला होता ज्याच्यात सायकलचं मागचं चाक अडकवतात. चाक लोखंडी रुळावर फिरतं आणि सायकल जागची हलत नाही. सायकल त्यांनी पडवीत रस्त्याकडे तोंड करून लावली होती. फाटक उघडं. हेल्मेट नव्हतं, पण दुपट्टा होता. खाली जमिनीवर शोभाकाकू वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. डॉक्टर पेडल मारत होते आणि मला सांगत होते की रुळावर रुंद टायर घोंगावते, बारीक टायर कमी आवाज करते, म्हणजे या बाबतीत नितीनचं बरोबर निघालं, पण त्याले सांगजो नको.

"कितीक झालं असन?" काकूंनी विचारलं.

"हिंगणी आली," ते म्हणाले.

मी हसलो. तेही हसले. घामाने त्यांची बंडी पाठीला चिकटली होती. चेहरा चांगला दिसत होता. मी दुकानातल्या उधारीच्या कटकटी सांगत होतो, ते हं हं करत होते, पाय चालूच.

रस्त्यावरून कोणाचं तरी वासरू सुटून आलं. शेपूट वर करून उधळलेलं, पांढरं, गवळाऊच असावं. ते थेट फाटकासमोर आडवं आलं आणि तिथेच थबकून उभं राहिलं. डॉक्टर एकदम ताठ झाले. पाय थांबले, अंग मागे गेलं, दोन्ही हात ब्रेकवर गेले. डोळे वासरावर.

"लागला का?" त्यांनी विचारलं. खाली न पाहता, घाईने. "सुधीर, लागला का ब्रेक?"

मी खाली पाहिलं. बोटं दांड्यांवर ठेवलेली होती. मागचं चाक रुळावर गरगर फिरत होतं.

काकूंनी मांडीवरच्या शेंगा बाजूला केल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सायकलजवळ आल्या. त्यांनी डॉक्टरांच्या बोटांवर आपला पंजा ठेवला आणि आवळला. चाक थांबलं.

"लागला," त्या म्हणाल्या, आणि वासरू पलीकडे जाईपर्यंत हात तसाच धरून उभ्या राहिल्या.